गरनाळं

स्टेशनाच्या बाजूनं उतरलं की
आधी हवा बदलते.
बाहेर नऊ दहाचं ऊन,
आत ओल, डिझेल, आणि वरून रेल्वे गेली
की दातांत भरणारा कंप.
बडोद्यात याला गरनाळंच म्हणतात,
मराठीतसुद्धा. अंडरपास म्हणणारे
बहुतेक काच वर करून जातात.

मी मधून जाते.
चेनकव्हर खडखडतं, ओढणीला गाठ,
कॅरिअरला डबा, डब्यात रात्रीचीच भाजी.
मागून हॉर्न. आधी एक, आखूड,
मग लांब, मग नुसता हात ठेवून दिलेला.
भिंतींना आवाज दुप्पट करून परत द्यायची सवय.
"ओ मासी, साइडमां!"
मी मधूनच जाते.

कारण डावीकडे जाळी आहे.
पाणी जायची, लोखंडी, लांबट फटींची,
आणि फटी रस्त्याच्या दिशेनं; आडव्या नाहीत.
ज्यानं बसवली त्याच्या घरी सायकल नसणार.
माझं चाक त्यात बरोबर बसतं,
माप घेऊन शिवल्यासारखं.
हे मला कसं कळलं ते सांगत नाही.
थंडी पडली की डावं कोपर सांगतं.

पण मागच्याला सांगायचं कसं?
चढावर पेडल मारताना मान वळत नाही,
वळली तरी एवढं लांब वाक्य
दोन हॉर्नांच्या मधे मावत नाही.
त्याला दिसते फक्त माझी पाठ.
पाठ आडमुठीच दिसते. कुणाचीही.

अलकापुरीत वर निघालं की ते जोरात पुढे जातात,
जाताना एकदा बघतात. मीही बघते.
शिव्या मलाही येतात, दोन्ही भाषांत,
आणि एकदा सिग्नलवर
एका पांढऱ्या गाडीच्या आरशाला
मी मुद्दाम कोपर मारलंय. तेच, डावं.
आरसा टक्कन मिटला, कुत्र्याच्या कानासारखा.
दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासताना
मला फार बरं वाटत होतं.

परवा विश्वजितनं नवी गाडी दाखवायला नेलं.
बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक,
सीटांचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
मला पुढे बसवलं, पट्टा लावायला शिकवलं.
गरनाळ्यात उतरलो. थंडगार. आवाज म्हणून नाही.
पुढे एक म्हातारा, कॅरिअरला उलटी बांधलेली खुर्ची,
चारी पाय वर. हळू. मधून.
विश्वजितनं हॉर्न दिला.
खुर्चीचे पाय हलले नुसते.
आणि माझ्या तोंडून, माझ्याच,
अर्धं वाक्य निघून गेलं:
"काय हा माणूस, जरा बाजूला..."

बाजूला म्हणजे कुठे
ते कोपराला आधी आठवलं.

"बघ ना मावशी," विश्वजित म्हणाला.
मी बघतच होते. इथून जाळी दिसत नाही.
खरंच नाही दिसत, बोनेटखाली जाते.
इतकी वर्षं मला वाटायचं, दिसते त्यांना,
दिसूनही वाजवतात.

हात काढ म्हटलं हॉर्नवरचा.
का, म्हणाला. सांगायला लागले,
चाक, फटी, आणि मी जाळीपर्यंत पोचेस्तोवर
गरनाळंच संपलं.
उन्हात म्हातारा डावीकडे सरकला
आणि हात हलवून म्हणाला, जा.
रागानं की भलेपणानं, कळलं नाही.
आरशात खुर्चीचे चार पाय
बराच वेळ लहान होत राहिले.

आज सकाळी परत नऊ दहा. मागे हॉर्न.
मी मधून गेले.
फक्त एकदा डावा हात सोडला
आणि खाली, जाळीकडे बोट दाखवलं.
सायकल जरा डगमगली.
हॉर्न थांबला की नाही सांगता येत नाही,
नेमकी तेव्हाच वरून मालगाडी चालली होती.